मागचं काढ

कराडच्या एसटी स्टँडसमोर वृषाली थोरातचं फ्लेक्सचं दुकान आहे. त्या दुकानात एका दिवसात जितकी मुंडकी कापली जातात, तितकी कुठल्या लढाईतही कापली गेली नसतील. वाढदिवस, निवड, अभिनंदन, दशक्रिया, सगळ्याला फ्लेक्स लागतो आणि फ्लेक्सवर माणूस लागतो. पण माणूस फोटोत कधी एकटा येत नाही. त्याच्या मागे कुणाच्या तरी लग्नाचा मांडव असतो, वाळत घातलेली चादर असते, नाहीतर जेवणाऱ्यांची पंगत असते. ते सगळं काढून टाकायचं आणि उरलेला माणूस गडावर किंवा ढगांत नेऊन उभा करायचा, हा धंदा. दुकानाच्या भाषेत याला ‘मागचं काढणं’ म्हणतात.

हे काम वृषाली ‘उजळ’ नावाच्या एका फुकटच्या साधनावर करत असे; कॉम्प्युटरवर आणि फोनवर ते एकच होतं. फुकट ते पौष्टिक, या न्यायाने जिल्ह्यातले बहुतेक फ्लेक्सवाले तेच वापरत. आजवर त्यात बटणं दाबावी लागत. त्या जानेवारीत नवी आवृत्ती आली आणि पडद्यावर पाटी झळकली, ‘आता उजळशी मराठीत बोला.’ वृषालीला बरं वाटलं. तोंडाने काम सांगता आलं तर हातात चहाचा कप धरता येईल, एवढाच तिचा विचार होता.

त्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक आलं ते लखनभाऊ. गेल्या तीन निवडणुका हा माणूस ‘भावी नगरसेवक’ होता आणि पुढेही भावीच राहील अशी गावाची खात्री होती. वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी त्याने जो फोटो आणला, त्यात कुणीतरी त्याला आधीच कापून गडाच्या बुरुजावर चढवलेलं होतं. या वर्षी त्याला बुरूज नको होता, सूर्योदय हवा होता.

“मागचं काढ,” वृषाली पडद्याला म्हणाली आणि तिने कप उचलला.

बुरूज गेला. पण त्याच्या जागी नेहमीसारखं पांढरं काही आलं नाही. हळूहळू एक खोली उगवली. हिरवी भिंत, ट्रॉफ्या मांडलेलं काचेचं कपाट आणि एक मरून रंगाचा सोफा. तो सोफा कराडात सगळ्यांना माहीत होता. ज्या नगरसेवकाच्या नावाने लखनभाऊ दर सभेत शंख करायचा, त्याच्याच बंगल्यातला तो सोफा होता.

“वहिनी, हे कुठनं काढलं?” लखनभाऊचा आवाज एकदम खाली आला.

“मी कुठं काय काढलं? मी फक्त मागचं काढ म्हटलं.”

“तेच म्हणतोय मी. मागचं कशाला काढायचं?”

“मागचं काढलं आहे,” ‘उजळ’ गोड आवाजात म्हणाला. “आणखी मागचं काढू का?”

लखनभाऊ फ्लेक्स न सांगताच गेला.

आता यात चूक कोणाची म्हणायची? मराठी ही भाषाच अशी आहे की तिच्यात एकाच ‘काढ’ने दात काढतात, चित्र काढतात, दिवस काढतात आणि भांडण रंगात आलं की मागचंही काढतात. ‘उजळ’ मराठी शिकला तो घराघरांतल्या बोलण्यावरून. घराघरांत मागचं काढणं म्हणजे काय, हे कुणाला सांगायला नको. फ्लेक्सवाल्यांचा अर्थ त्याला कुणी शिकवलाच नव्हता.

शब्द असा उलटा कळला, तरी नाहीसं झालेलं दाखवायची ताकद त्याच्यात आली कुठून? तर ती आधीपासून होती. माणूस लाल भिंतीपुढे उभा राहिला की भिंतीचा थोडा लालपणा त्याच्या कानाच्या पाळीवर, केसांच्या कडेला, पांढऱ्या कॉलरवर उतरतो. त्याला तसाच कापून सूर्योदयात नेला तर तो लालपणा चुगली करतो. म्हणून कापणाऱ्या साधनाला तो धुवावा लागतो. धुवायचा तर भिंत कुठल्या रंगाची होती, खिडकी कुठल्या बाजूला होती, उजेड किती होता, याचा हिशेब आधी मांडावा लागतो. त्यात माणसाच्या डोळ्याच्या बाहुलीत समोरची सगळी खोली मोहरीएवढी होऊन बसलेली असते, तिचीही मदत होते. पूर्वी साधन हा हिशेब पोटातल्या पोटात करायचं आणि विसरून जायचं. आता कुणी ‘काढ’ म्हटलं की ते काढून दाखवू लागलं.

गोम एवढीच, की हा हिशेब एका टप्प्यापर्यंतच चालतो. कानाची पाळी सांगते की भिंत हिरवी होती, भिंतीवर कॅलेंडर कुठलं होतं ते सांगत नाही. मग साधन उरलेलं भरून काढतं, काही आजवर पाहिलेल्या लाखो खोल्यांवरून आणि काही वापरणाऱ्याच्या स्वतःच्या साठवलेल्या फोटोंवरून. दुधात पाणी किती हे दूध सांगत नाही, तसंच हे चित्र. खरं कुठं संपलं आणि अंदाज कुठून लागला, याची शिवण कुठेच दिसत नव्हती. खाली बारीक अक्षरांत ‘चित्र अंदाजे आहे’ असं लिहिलेलं असायचं, पण फुकटच्या गोष्टीखालची बारीक अक्षरं वाचतो कोण? लखनभाऊ खरंच त्या सोफ्यापाशी उभा होता, की वृषालीच्या कॉम्प्युटरमध्ये त्या बंगल्यातल्या सत्कारांचे ढीगभर फोटो होते म्हणून सोफा तिथे आला, यावर कराडात अजून एकमत नाही.

पण गावाला एकमताची गरज कधी असते? आठवड्याभरात जो तो एकमेकांचं मागचं काढू लागला. स्थळाच्या फोटोतला कारंज्यापुढचा मुलगा गॅरेजमध्ये निघाला आणि जमलेली बैठक उठली. दोन जावांनी एकमेकींच्या जुन्या फोटोंचं मागचं काढून अबोला धरला. जो तो म्हणे की दुसऱ्याचं चित्र खरं आणि आपलं तेवढं अंदाजे.

वृषाली हे सगळं ऐकायची, हसायची. तिचं स्वतःचं मन मात्र दुसऱ्याच गोष्टीत अडकलं होतं.

तिचे वडील, हणमंत डुबल, उंब्रजला एकटे राहत. सगळे त्यांना अण्णा म्हणत. एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. महिन्यापूर्वी ते न्हाणीघरात घसरून पडले. हाड वाचलं, पण शेजाऱ्यांचा फोन आला की आता यांना एकटं ठेवू नका. वृषालीचा नवरा तुषार म्हणाला, “घेऊन येऊ की त्यांना. पुढची खोली रिकामीच आहे.” पण दुसऱ्या दिवशी वृषालीने एका वृद्धाश्रमात चौकशी केली. तिथे जागा होती. त्यांना फक्त पांढऱ्या पार्श्वभूमीचा एक फोटो हवा होता, सोमवारपर्यंत. तसं तिने अण्णांना फोनवर कळवलं.

वृषाली वाईट मुलगी नव्हती. ती दर महिन्याला उंब्रजला जायची, औषधं द्यायची, डबे भरून ठेवायची. पण अण्णांना घरात आणायचं म्हटलं की ती विषय बदलायची. ती सात वर्षांची असताना तिची आई, नंदा, सरकारी दवाखान्यात तीन आठवडे पडून होती आणि तिथेच गेली. त्या तीन आठवड्यांत अण्णा एकदाही आले नाहीत. ते बोरिवलीची गाडी चालवत होते. हे तिला शालन मावशीने सांगितलं होतं, एकदा नाही, वाढवताना पुन्हा पुन्हा. मावशीनेच तिला वाढवलं आणि दोन वर्षांपूर्वी मावशीही गेली. अण्णांना वृषालीने याबद्दल कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. त्या घरात मागचं काढायची पद्धत नव्हती.

आईचा शेवटचा फोटो वृषालीच्या स्वयंपाकघरात, जेवायच्या जागेसमोर लावलेला होता. मावशीच्या मोबाइलवर दवाखान्यात काढलेला, आणि दहाव्याआधी कुठल्याशा स्टुडिओत कापून निळ्या ढगांत बसवलेला. मूळ फोटो मोबाइलबरोबरच गेला. कापणाऱ्याने काम घाईत उरकलं होतं. आईच्या डाव्या खांद्यावर, जांभळ्या साडीवर, एक पुसट डाग राहिला होता. पाहुण्यांना तो डागच वाटायचा. या धंद्यात पडल्यापासून वृषालीला मात्र कळलं होतं की तो कुणाचा तरी हात आहे. मागे उभ्या असलेल्या माणसाचा, रंगाने झाकलेला. नर्सचा असेल, असं म्हणून तिने तो विषय मिटवला होता.

रविवारी दुपारी दुकान बंद करून ती घरी आली, फ्रेम खाली उतरवली, काच पुसली आणि फोटोची प्रत कॉम्प्युटरवर घेतली. मग म्हणाली, “मागचं काढ.”

ढग गेले. पिवळी भिंत आली, खिडकी आली, सलाइनची दांडी आली, लोखंडी खाट आली. शेवटी डागाचा हात झाला. हातापासून दंड निघाला, दंडाला खाकी बाही लागली आणि आईच्या मागे अण्णा उभे राहिले. तरुण, मिशा काळ्या, ड्रायव्हरचा गणवेश. आईच्या खांद्यावरच्या हाताची करंगळी आतल्या बाजूला वाकलेली होती, अगदी अण्णांची असते तशी.

“मागचं काढलं आहे,” ‘उजळ’ म्हणाला. “आणखी मागचं काढू का?”

वृषालीला आनंद व्हायला हवा होता आणि तिला आला राग, पण तो कुणाचा ते कळेना. मावशी खोटं बोलली? अण्णा आले होते, तर इतकी वर्षं गप्प का बसले? आणि इतकी वर्षं सांभाळलेला राग आता ठेवायचा कुठे?

तुषारने चित्र पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि हळूच म्हणाला, “हे त्या सोफ्यासारखं तर नसेल ना?”

“करंगळी बघ की,” ती म्हणाली. “करंगळी कोण अंदाजाने काढेल?”

“तुझ्या फोनमध्ये अण्णांचे फोटो आहेतच ना, वृषाली.”

तिने त्याच्यासमोरच पुन्हा एकदा काढायला लावलं. या वेळी अण्णा पांढऱ्या शर्टात आले आणि खिडकी दुसऱ्या बाजूला गेली. हात तोच, करंगळी तीच. अर्धं खरं म्हणजे सगळं खरं, की अर्धं खोटं म्हणजे सगळं खोटं? तुषार म्हणाला, तिसऱ्यांदा काढून बघ. तिने कॉम्प्युटर बंद केला. तिसऱ्यांदा अण्णा आलेच नाहीत तर काय, ही भीती तिला वाटली, आणि ती भीती वाटली म्हणून स्वतःचं नवलही वाटलं. म्हणजे अण्णा तिथे असायला हवे होते, तिला ते इतकं हवं होतं, हे तिचं तिलाच माहीत नव्हतं.

सोमवारी सकाळी ती पहिलं चित्र छापून उंब्रजला गेली.

अण्णा बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून शेंगा सोलत होते. “आलीस?” ते म्हणाले. “तो पांढऱ्या पडद्याचा फोटो काढायचा हाय न्हवं? दाढी करून बसलोय.”

तिने चित्र त्यांच्या मांडीवर ठेवलं. अण्णांनी चष्मा लावला. चित्र लांब धरलं, जवळ आणलं. त्यांचा अंगठा आईच्या चेहऱ्यापाशी जाऊन थांबला. एवढ्या वेळात वृषालीने मनाशी ठरवून टाकलं होतं. अण्णा नुसतं ‘व्हय’ म्हणाले तरी पुरे. पुढचं काही विचारायचं नाही, त्यांची पिशवी भरायची, आजच्या आज घरी न्यायचं.

“हे कुनी काढलं?” अण्णांनी विचारलं.

“मशीननं. आईच्या त्या फोटोवरून. मागं काय होतं ते शोधून काढतं ते.”

“शोधून काढतं व्हय.” मग चष्मा काढून त्यांनी चित्र तिच्याकडे परत केलं. “ह्यो मी न्हवं, पोरी.”

“अण्णा, तो हात तुमचा आहे. करंगळी बघा.”

“मी गेलोच न्हाई तिकडं. एकदा फाटकापतुर गेलो, तिथनं माघारी फिरलो. मला बघवत नव्हतं. डेपोत सांगून लांबची ड्युटी मागून घेतली. साहेब नको म्हणत हुते, मीच मागितली.” त्यांनी एक शेंग फोडली, दाणे तसेच हातात ठेवले. “शालन तुला सांगत आली ते खरं हाय. तिनं एक शब्द वाढवून सांगितला न्हाई.”

वृषाली बसली. तिला वाटलं होतं की हे ऐकून जुना राग पुन्हा जागेवर येईल. तो आला नाही. त्याच्या जागी काय आलं ते तिला उमजेना.

“मग हात कुणाचा?”

“दहाव्याला शालननं मला मोबाइल दावला. म्हणाली, बघ, शेवटचा फोटो. तुझी आई बसलीया आन् मागं खाटंवर चढून तू हुबी हाईस. एक हात तिच्या खांद्यावर. शालन म्हणाली, एवढुशा पोरीनं आधार दिला आन् बाप गाडी घेऊन मुंबईला गेला.” अण्णांनी चष्मा खिशात ठेवला. “हार घालायच्या फोटोत जित्या माणसाचा हात ठिवू नये म्हनत्यात. म्हून तिनं तुला त्यातनं काढाय लावलं. लेकरावर काय येऊ नये म्हून.”

वृषालीने चित्र पुन्हा पाहिलं. मग छापलेल्या चित्रावरून नजर काढून तिने मोबाइलवर आईचा तो ढगांतला फोटो उघडला आणि डाग मोठा केला. रोज शेकडो हात, पंजे, खांदे कापणाऱ्या बाईला इतकी वर्षं एक साधी गोष्ट दिसली नव्हती. डाग आईच्या हनुवटीपेक्षा मोठा नव्हता. बाप्या माणसाचा पंजा एवढा नसतो. ‘उजळ’ने मागचा माणूस मोठा काढला आणि त्याला शोभेल असा हातही मोठा करून घेतला. करंगळी तेवढी जशीच्या तशी ठेवली, आणि त्या करंगळीचा माणूस तिच्या फोनमध्ये धुंडाळला.

तिच्या फोनमध्ये तिचे स्वतःचे फोटो जवळजवळ नव्हतेच. फोटो नेहमी तीच काढायची. तिने डावा हात मांडीवर उघडून ठेवला. करंगळी आतल्या बाजूला वाकलेली होती. जन्मापासून तशीच होती.

आता तिला आठवूही लागलं. पायाखाली मऊ, हलणारी गादी, औषधाचा वास, आईच्या मानेपाशी चिकटलेले केस. पण हे खरंच आठवत होतं, की अण्णांनी सांगितल्यावर तिच्या डोक्याने उरलेलं भरून काढलं? तिने डोळे मिटून खिडकी कुठल्या बाजूला होती ते आठवायचा प्रयत्न केला. एकदा ती उजवीकडे आली, एकदा डावीकडे. त्या फुकटच्या साधनाला हसायची सोय राहिली नाही.

“अण्णा,” ती म्हणाली, “तुम्ही नुसतं हो म्हणाला असतात तर मी आज तुम्हाला घरी घेऊन जाणार होते.”

“कळलं हुतं मला. चित्र ठिवलंस तवाच तुझ्या तोंडावर दिसलं.”

“मग का नाही म्हणालात?”

अण्णांनी दाणे ताटलीत टाकले. “तुझ्या घरात ती जेवायच्या जागंसमोर हाय. रोज तिच्यापुढं बसून ते खोटं गिळलं नसतं मला.”

वृषालीला रडू आलं. तिने ते थांबवलं नाही. अण्णांना माफ केलं की नाही, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. आई तीन आठवडे दाराकडे बघत पडली असेल, ते काही या एका उत्तराने भरून निघणार नव्हतं. पण आयती चालून आलेली साक्ष या माणसाने स्वतःच्या हाताने परत केली होती, आणि असा माणूस वृद्धाश्रमात ठेवून आपल्याला जेवण गेलं नसतं, एवढं तिला कळलं. बाकीचं कळायला पुढे दिवस होते.

“बरं, तो फोटो काढायचा हाय का न्हाई?” अण्णांनी विचारलं, जणू मधे काही झालंच नव्हतं. “त्यास्नी आजच द्यायचा हाय म्हनलीस.”

“काढते.”

तिने डोळे पुसले, मोबाइलवर ‘उजळ’ उघडून तो शेंगांच्या डब्याला टेकवून उभा केला आणि अण्णांच्या खुर्चीमागे जाऊन थांबली. मागे दोरीवर त्यांचा धुतलेला शर्ट होता, भिंतीवर जुनं कॅलेंडर होतं, कोपऱ्यात गॅसची टाकी होती. पांढरं असं त्या खोलीत काहीच नव्हतं. तिने डावा हात अण्णांच्या खांद्यावर ठेवला. अण्णा जरासे दचकले, मग ताठ बसले. मोबाइलने स्वतःहून फोटो घेतला.

“फोटो छान आला आहे,” ‘उजळ’ म्हणाला. “मागचं काढू का?”

“नको,” वृषाली म्हणाली. “मागचं राहू दे.”

“कुनाशी बोलतीस?” अण्णांनी मान वळवून विचारलं.

“कुणाशी नाही. तुमची ती मोठी पिशवी कुठंय? औषधं आधी भरू, कपडे नंतर.”